विषाणूचा आजार एकाला सौम्य, दुसऱ्याला जीवघेणा का? जनुकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच घरात एकाला नुसता ताप येतो आणि दुसऱ्याला व्हेंटिलेटर लागतो. यात जनुकांचा हात खरंच असतो का?

असतो. तो किती, हे मात्र घरातल्या घरात पाहून कळत नाही. एका घरातली माणसं जनुकांबरोबर हवा, जेवण, चुलीचा धूर आणि डॉक्टरही वाटून घेतात. हा गुंता सोडवायला दत्तक मुलांचे अभ्यास उपयोगी पडतात. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९२६ दरम्यान जन्मलेल्या आणि लहानपणीच परक्या घरी दत्तक गेलेल्या मुलांच्या ९६० कुटुंबांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि त्याचा निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले होते, त्या मुलांचा संसर्गानेच मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळपास सहापट निघाला. सांभाळणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही.

तरीही जनुकांना पहिला नंबर देऊ नका. कोविडमध्ये वयाइतका मोठा धोका दुसरा कुठलाच नव्हता. त्यानंतर मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचे आजार, लस झाली आहे की नाही, आणि ऑक्सिजन वेळेवर मिळाला की नाही, हे सगळं येतं. जनुकांचा विचार खरा उपयोगी पडतो तो यातलं काहीच लागू नसताना: धडधाकट, तरुण, निर्व्यसनी माणूस चार दिवसांत आयसीयूत जातो तेव्हा.

जनुकं शरीरात नेमकं काय बदलतात?

बहुतेक गोष्टी पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरतात. विषाणू नाकाच्या, घशाच्या किंवा फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो आणि स्वतःच्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय मजकुराच्या, प्रती काढायला लागतो. हा आरएनए आपला नाही, हे ओळखणारी प्रथिनं पेशीत असतात: टीएलआर३, टीएलआर७, एमडीए५. त्यांनी परका आरएनए हेरला की आयआरएफ७ नावाचं प्रथिन जागं होतं आणि इंटरफेरॉन तयार होऊन बाहेर पडतो. नदीकाठच्या पहिल्या घरात पाणी शिरताच गावात दवंडी पिटावी, तसा हा इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करतो. त्यांच्या पृष्ठभागावरचे ग्राहक, म्हणजे आयएफएनएआर१ आणि आयएफएनएआर२, त्याला धरतात. आत टीवायके२ हे प्रथिन तो निरोप पुढे नेतं आणि शेकडो विषाणूविरोधी जनुकं कामाला लागतात. त्यातल्या ओएएस१ मुळे विषाणूचा आरएनए कापला जातो, तर आयएफआयटीएम३ विषाणूला पेशीच्या आत पुरतं घुसूच देत नाही.

या साखळीतली कुठलीही कडी एखाद्यात जन्मतः कमजोर असू शकते. मग इशारा उशिरा जातो किंवा जातच नाही, आणि विषाणूला दोन दिवस मोकळं रान मिळतं.

पुढचा भाग सहसा कुणी नीट सांगत नाही. आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात चित्र उलटं होतं. तोवर विषाणू ओसरायला लागलेला असतो, पण दाह थांबत नाही. रोगप्रतिकारक पेशी फुप्फुसात गर्दी करतात, हवेच्या पिशव्यांत पाणी साचतं आणि रक्तातला ऑक्सिजन खाली येतो. म्हणून काही जनुकीय फरक ‘सुरुवात उशिरा’ या वाटेने धोका वाढवतात, तर काही ‘शेवट होतच नाही’ या वाटेने. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला त्यामुळेच अपुरा आहे. पहिल्या दिवशी जे हवं असतं, तेच दहाव्या दिवशी घातक ठरू शकतं.

असे फरक दुर्मीळ असतात की सगळ्यांत थोडे थोडे?

दोन्ही प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिल्या प्रकारचे फरक कोट्यवधी लोकांत असतात. प्रत्येकाचा परिणाम लहान, धोका थोडा वर किंवा थोडा खाली. दुसऱ्या प्रकारात एकच जनुक इतकं बिघडलेलं असतं की एखादा विशिष्ट विषाणू त्या माणसाला जवळजवळ नक्कीच आडवा करतो. वर्तमानपत्रांत गाजतो तो पहिला प्रकार. एखाद्या कुटुंबाचं आयुष्य बदलतो तो दुसरा.

एकाच जनुकाने इतकं होऊ शकतं?

फ्रान्समधली अडीच वर्षांची एक मुलगी २०११ च्या जानेवारीत स्वाइन फ्लूने अत्यवस्थ झाली. तोवर ती ठणठणीत होती. तपासात कळलं की तिच्या आयआरएफ७ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आईवडिलांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत होती, म्हणून ते निरोगी. हा शोध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मुलगी शाळेत जाण्याच्या वयाची होती, दरवर्षी फ्लूची लस घेत होती आणि इतर बऱ्याच विषाणूंना ती व्यवस्थित तोंड देत होती. मला या गोष्टीत सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच: तिची प्रतिकारशक्ती सरसकट कमजोर नव्हती. एका दरवाजाची कडी तेवढी निघालेली होती.

साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसनेही असं होतं. एमडीए५ काम करत नसलेल्या अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या एका मुलीला श्वसनाच्या संसर्गाने वारंवार आयसीयूत जावं लागत होतं. तिची नोंद २०१७ मध्ये आली.

आणि २०२० मध्ये नेदरलँड्समधले तरुण भाऊ. दोन कुटुंबं, प्रत्येकात दोन भाऊ, चौघांनाही आधीचा काही मोठा आजार नाही. चौघेही कोविडने व्हेंटिलेटरवर गेले, एक वाचला नाही. चौघांतही टीएलआर७ जनुकात दोष सापडला.

पुरुषांनाच जास्त त्रास का होतो?

टीएलआर७ हे एक्स गुणसूत्रावर आहे. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच. साठीच्या आतल्या, कोविडने अत्यवस्थ झालेल्या पुरुषांत असा दोष सुमारे शंभरात एक-दोघांत आढळला.

दुसरं कारण जास्त अनपेक्षित आहे. काही जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटीबॉडी असतात. पेशी इशारा देते, पण तो शेजारी पोचायच्या आतच निकामी होतो. २०२० मध्ये संशोधक जाँ-लोराँ काझानोव्हा यांच्या गटाने कोविडने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं, त्यातल्या १०१ जणांत अशा अँटीबॉडी होत्या. या १०१ पैकी जवळपास ९५ टक्के पुरुष होते. वय सत्तरीपुढे गेलं की या अँटीबॉडींचं प्रमाण निरोगी माणसांतही वाढतं. म्हातारपणी साधा फ्लूही का जड जातो, याचा एक भाग इथे आहे. सगळ्यांत हा दोष जन्मजात नसतो, पण परिणाम मात्र जनुकातला दोष असल्यासारखाच.

कोविडमध्ये जगभरच्या अभ्यासांतून काय हाती लागलं?

जून २०२० मध्ये इटली आणि स्पेनमधल्या, श्वास निकामी झालेल्या १,९८० रुग्णांच्या अभ्यासात दोन जागा ठळक दिसल्या: तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा आणि नवव्या गुणसूत्रावरचा रक्तगट ठरवणारा भाग. डिसेंबरमध्ये एडिंबराच्या केनेथ बेली यांच्या गटाने ब्रिटनमधल्या २०८ आयसीयूंतल्या २,२४४ रुग्णांवरून ओएएस, टीवायके२, डीपीपी९ आणि आयएफएनएआर२ ही नावं पुढे आणली. वरची साखळी परत वाचा, यातली तीन नावं तिथेच सापडतील. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं उंदरांवर जे पाहिलं जात होतं, ते इथे हजारो आजारी माणसांच्या रक्तातून, कुणीही आधी बोट न दाखवता, समोर आलं. हेलसिंकीहून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०२१ मध्ये अशा १३ जागांची यादी दिली.

तिसऱ्या गुणसूत्रावरचा धोक्याचा तुकडा निअँडरथल मानवाकडून आला आणि तो भारतीयांत जास्त आहे, हे खरं का?

खरं आहे. संशोधक स्वांते पाबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी २०२० मध्ये दाखवलं की हा डीएनएच्या सुमारे ५० हजार अक्षरांचा सलग तुकडा क्रोएशियातल्या विंदिया गुहेत सापडलेल्या निअँडरथलच्या डीएनएशी जुळतो. पाबोंना २०२२ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते प्राचीन मानवी डीएनएवरच्या त्यांच्या एकूण कामासाठी. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांकडे या तुकड्याची किमान एक प्रत आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांकडे, आणि बांगलादेशात तर ६३ टक्क्यांकडे. पूर्व आशियात तो जवळजवळ नाहीच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की या तुकड्यातला महत्त्वाचा बदल बहुधा एलझेडटीएफएल१ या जनुकामार्फत फुप्फुसाच्या अस्तराच्या प्रतिसादावर परिणाम करतो आणि श्वास निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट करतो. साठीच्या आतल्यांत त्याचा परिणाम म्हाताऱ्यांपेक्षा जास्त दिसतो.

आता याच निअँडरथलांकडून बाराव्या गुणसूत्रावर ओएएसचा एक तुकडा आला आहे. तो कोविड गंभीर होण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा तोच ‘वाईट’ तुकडा असलेल्यांना एचआयव्हीची लागण कमी होते, असं झेबर्ग यांनीच २०२२ मध्ये मांडलं. एमयूसी५बी जनुकातला एक बदल फुप्फुस कडक होण्याच्या आजाराचा धोका वाढवतो, पण कोविडमध्ये संरक्षण देतो. जनुक चांगलं की वाईट हे समोर कोणता आजार उभा आहे त्यावर ठरतं.

म्हणजे दुसऱ्या लाटेत आपल्याकडे एवढे लोक गेले ते जनुकांमुळे?

नाही. हे मी ठामपणे लिहिते, कारण हा युक्तिवाद ऐकला की संताप येतो. मुंबईत जुलै २०२० मध्ये चेंबूर, माटुंगा आणि दहिसर या भागांतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली होती, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के लोकांना. एका रस्त्याच्या दोन बाजूंना जनुकं बदलत नाहीत. बदलतात खोल्या, खिडक्या आणि सार्वजनिक शौचालयाची रांग. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्यांना बेड आणि सिलिंडर मिळाला नाही, त्यांच्या मृत्यूचं कारण गुणसूत्रात शोधू नये. ब्रिटनमधल्या बांगलादेशी समाजात मृत्यू जास्त झाले, तिथेही दाटीची घरं आणि लोकांच्या सतत संपर्कात येणारी कामं हे कारण मोठं होतं. निअँडरथल तुकड्याचा वाटा असेल तर त्यावर पडलेली भर.

‘ओ’ रक्तगटाला धोका कमी असतो?

कोविडमध्ये थोडासा, आणि तो मुख्यतः लागण होण्याबाबत. त्यावर विसंबून काहीही ठरवण्याइतका हा फरक मोठा नाही. जाता जाता, रक्तगटांच्या जनुकशास्त्रात मुंबईचं नाव कायमचं कोरलं गेलं आहे: १९५२ मध्ये केईएममधल्या डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण अशा माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही.

काहींना लागण होऊनही लक्षणंच येत नाहीत. ते कसं?

अमेरिकेत अस्थिमज्जादात्यांच्या नोंदवहीतल्या सुमारे ३० हजार लोकांचा कोविडबाबतचा अभ्यास २०२३ मध्ये आला. एचएलए जनुकांपासून बनणारी प्रथिनं विषाणूचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, दाखवतात. या जनुकांतला एचएलए-बी*१५:०१ हा प्रकार लक्षणं न आलेल्यांत दर पाचात एकाकडे होता, लक्षणं आलेल्यांत दर दहात एकाकडे. दोन प्रती असलेल्यांना लक्षणं न येण्याची शक्यता आठपटीहून जास्त. सर्दीच्या जुन्या कोरोना विषाणूंशी लढलेल्या टी-पेशी या लोकांत नव्या विषाणूलाही ओळखत होत्या.

फ्लू, आरएसव्ही, बाळदमा यांतही असंच?

फ्लूमध्ये आयएफआयटीएम३ चा एक बदल २०१२ मध्ये गाजला, २००९ च्या साथीत ब्रिटनमध्ये रुग्णालयात गेलेल्यांत तो जास्त दिसला होता. पुढच्या अभ्यासांत निकाल एकसारखे आले नाहीत. ऱ्हायनोव्हायरस-सीचं प्रकरण जास्त पक्कं आहे: हा विषाणू सीडीएचआर३ नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, आणि त्या जनुकाचा एक प्रकार हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जास्त आणून ठेवतो. लहानपणी दम्याच्या झटक्याने वारंवार ॲडमिट होणाऱ्या मुलांत हाच प्रकार जास्त आढळतो. पावसाळ्यात दर सर्दीनंतर ज्या मुलाची छाती वाजायला लागते, त्याच्या आईला ‘तूच थंड पाजलंस’ असं ऐकवण्याआधी हे लक्षात घ्यावं. आरएसव्हीत, म्हणजे तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या विषाणूच्या आजारात, बाळाचं वय, मुदतीपूर्वी जन्म आणि हृदयाचे दोष हेच धोके मोठे.

नात्यातल्या लग्नांचा काही संबंध आहे का?

दुर्मीळ प्रकाराशी आहे. त्या फ्रेंच मुलीसारखं व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न झालं की एकच बिघडलेली प्रत पणजोबांकडून दोन्ही बाजूंनी पतवंडात येण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत आणि मराठवाड्यात, ही लग्नं आजही होतात. नात्यात नसलं तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच छोट्या पोटजातीत लग्न करण्याचा परिणाम त्याच दिशेचा असतो. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांची छाप, ती ठळक असण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद निघाली. बहुतेक मुलं तरीही निरोगीच जन्मतात. पण अशा कुटुंबात एक मूल संसर्गाने गेलं असेल, तर पुढच्या मुलाच्या वेळी डॉक्टरांना ते आधी सांगा. ‘नजर लागली’ म्हणून ती गोष्ट दडपू नका.

माझ्या मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो. शंका कधी घ्यावी?

वर्षातून सात-आठ वेळा सर्दी-खोकला होणं बालवाडीच्या वयात नेहमीचं आहे. पुढच्या गोष्टी नेहमीच्या नाहीत: एका वर्षात दोनदा न्यूमोनिया, ॲडमिट करून सलाइनमधून प्रतिजैविकं दिल्याशिवाय न बरा होणारा संसर्ग, वजन न वाढणं, तोंडात पुन्हा पुन्हा येणारी बुरशी, साध्या फ्लूने एकदम व्हेंटिलेटरपर्यंत जाणं, घरात आधी दगावलेलं बाळ. आणि आपल्या देशात एक खास खूण: जन्मल्यावर दंडावर दिलेल्या बीसीजीची जखम चिघळत जाणं, काखेत मोठी गाठ येणं, ताप न हटणं.

अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, ‘जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष असू शकतो का?’ सुरुवात साध्या सीबीसीपासून होते. त्यातला लिम्फोसाइटचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) आकडा बाळाच्या वयाच्या मानाने कमी आहे का, हे बघायला पैसे लागत नाहीत, फक्त लक्ष लागतं. पुढे इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींचं प्रमाण), पेशींची मोजणी आणि गरज पडली तर जनुकतपासणी. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आणि जवळचं वाडिया बालरुग्णालय या दोन्ही ठिकाणी या कामाचा मोठा अनुभव आहे. केईएम हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं केंद्र आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, म्हणून खर्चाच्या भीतीने तपासणीच टाळू नका.

घरबसल्या थुंकीची जनुकचाचणी करून माझा धोका कळेल का?

नाही. धोक्याचा तुकडा आपल्याकडे निम्म्या लोकांत आहे, तो तुमच्यात निघाला तरी तुम्ही वेगळं काहीच करणार नाही. साखर आटोक्यात आहे का, हे बघायला तोच पैसा वापरा.

असा दोष असेल तर लस घ्यावी का?

बहुतेक दोषांत लस जास्तच गरजेची ठरते, ती फ्रेंच मुलगी त्याचं उदाहरण. अपवाद जिवंत विषाणू किंवा जंतू असलेल्या लशींचा: बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला. सामोआसारख्या पॉलिनेशियन बेटांवर आयएफएनएआर१ चा एक दोष इतरत्र दिसत नाही इतका आढळतो, आणि अशी मुलं गोवराच्या जिवंत लशीने गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून निदान झालेल्या मुलाची लस-यादी तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. निदान झालेलं नसताना, नुसत्या शंकेने किंवा व्हॉट्सॲपवर वाचून कुठलीही लस चुकवू नये.

या संशोधनातून औषध मिळालं का?

एक ठळक उदाहरण आहे. टीवायके२ जास्त सक्रिय असलेल्यांत आजार बळावतो, हे जनुकांतून दिसलं. त्याच कुटुंबातल्या प्रथिनांना आवर घालणारं बॅरिसिटिनिब हे आमवाताचं औषध तेव्हा कोविडसाठी तपासलं जात होतं, त्याला हा भक्कम आधार मिळाला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत २०२२ मध्ये त्याने रुग्णालयातल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी केले. भारतात मे २०२१ मध्येच त्याला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली होती.

आपल्या लोकांच्या जनुकांची माहिती मात्र जागतिक अभ्यासांत फार कमी होती. जीनोमइंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. पुढच्या साथीत पुण्याच्या किंवा नागपूरच्या रुग्णाची तुलना करायला निदान ती हाताशी असेल.

आमच्या घरातला तरुण मुलगा कोविडने गेला. आता बाकीच्यांनी काय करावं?

आधी हे लक्षात घ्या की यात कुणाचा हलगर्जीपणा होता असं गृहीत धरायचं कारण नाही. त्याची डिस्चार्ज समरी, रक्ताचे रिपोर्ट, सीटी स्कॅन जपून ठेवा. सख्ख्या भावांना ताप-खोकला आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना ही पार्श्वभूमी सांगा, पाचव्या दिवसाची वाट बघू नका. फ्लूची लस दरवर्षी द्या. तरुण पुरुषाचा मृत्यू असेल आणि दुसरं कारण नसेल, तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला एकदा घ्या, आणि जाताना आईच्या माहेरची माहिती लिहून न्या: मामा, मावसभाऊ, कोण कोणत्या वयात कशाने गेलं. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, त्यामुळे टीएलआर७ सारख्या दोषाचा माग त्याच बाजूला लागतो.